चढ किती, आणि वाटतो किती

डोंबिवलीच्या पूर्व आणि पश्चिम भागांना जोडणारा कोपर पूल सायकलने चढायला शरीराला किती ऊर्जा लागते? लहान ग्लुकोज बिस्किटाच्या चतकोर तुकड्याएवढी. रेल्वेच्या विजेच्या तारांवरून रस्ता न्यायचा तर तो साधारण सात-आठ मीटर उचलावा लागतो. सत्तर किलोचा माणूस आणि पंधरा किलोची सायकल, असं ८५ किलोंचं ओझं आठ मीटर वर न्यायला जेमतेम १.६ किलोकॅलरी पुरतात. स्नायू आपल्या इंधनाचा साधारण चौथा हिस्साच कामाला लावतात, बाकीची उष्णता होते. म्हणून प्रत्यक्ष खर्च साडेसहा किलोकॅलरींच्या आसपास जातो. एका बिस्किटात पंचवीसेक असतात.

एवढ्या क्षुल्लक खर्चासाठी मांड्या का भरून येतात? कारण शरीराला एकूण खर्चापेक्षा खर्चाचा वेग जास्त जाणवतो. सपाट रस्त्यावर ताशी वीसच्या वेगाने निवांत सायकल चालवताना पाय सुमारे ७० वॅट शक्ती देत असतात. पुलाचा चढ पाच टक्के धरला आणि वेग ताशी बारावर उतरला, तरी तीच मागणी १६० वॅटच्या पुढे जाते. दुपटीहून जास्त, आणि तीही काही सेकंदांत. हृदय आणि फुप्फुसं इतक्या झटकन वेग पकडत नाहीत. ती ताळ्यावर येईपर्यंत पूल संपतो, म्हणून छातीतली धडधड माथ्यावर पोचल्यानंतर सर्वांत जास्त ऐकू येते. त्यात पायथ्याशी थांबावं लागलं तर आणखी एक नुकसान. ताशी वीसच्या वेगात असलेली सायकल केवळ त्या वेगाच्या जोरावर दीड मीटरहून थोडी अधिक उंची फुकट चढते. रिक्षा आडवी आली आणि ब्रेक दाबला की आठांतला तो दीड मीटर गेला. रोजचा तोच पूल एखाद्या दिवशी जड वाटतो, त्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

हा पूल धोकादायक ठरल्यावर २०१९ मध्ये बंद झाला आणि नव्याने बांधून २०२१ मध्ये खुला झाला. मधल्या काळात शहराची सगळी ये-जा ठाकुर्लीच्या पुलावरून होत होती. ज्यांनी त्या दिवसांत दोन्ही पूल सायकलने चढले, त्यांना कोणता जास्त खडा असं विचारलं तर उत्तर ठामपणे मिळेल. ते उत्तर कुठून येतं हा या प्रकरणाचा विषय आहे. ते डोळ्यांतून येतं, पायांतून येतं आणि कधी हँडलवर लावलेल्या यंत्रातून येतं. या तिघांचं एकमत क्वचितच होतं.

आधी आकड्यांची भाषा. शंभर मीटर पुढे जाताना रस्ता पाच मीटर चढला, तर तो पाच टक्के चढ. रेल्वेवाले हेच 'वीसास एक' असं मांडतात. अंशांत सांगायचं तर पाच टक्के म्हणजे तीन अंशांहूनही कमी. शंभर टक्के चढ म्हणजे ४५ अंश. घाट चढून आलेला माणूस 'पंचेचाळीस अंशांचा चढ होता' असं अगदी मनापासून सांगतो, पण तसा मोटाररस्ता जगात कुठेच नाही. जगातला सर्वांत खडा म्हणून मान्यता असलेला रहदारीचा रस्ता न्यूझीलंडमधल्या डनेडिन शहरात आहे, बाल्डविन स्ट्रीट. त्याचा सर्वांत तीव्र भाग सुमारे ३५ टक्के, म्हणजे १९ अंशांच्या आसपास आहे. आपल्याकडे इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार सपाट मुलखातल्या रस्त्याचा नेहमीचा चढ ३.३ टक्क्यांपर्यंत असावा आणि खड्या डोंगराळ मुलखातही अगदी नाइलाज झाला तर आठ टक्क्यांपर्यंत जावं. आठ टक्के म्हणजे साडेचार अंश. पूर्वापार वाटांवर बांधलेले जुने घाटरस्ते ही मर्यादा जागोजागी ओलांडतात हे खरं, पण तेही दहा अंशांच्या पलीकडे सहसा जात नाहीत.

साडेचार अंशांचा रस्ता मग छातीवर आल्यासारखा का दिसतो?

या प्रश्नाचा सर्वांत गाजलेला अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ डेनिस प्रॉफिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना टेकड्यांच्या पायथ्याशी उभं केलं आणि चढ किती अंशांचा असेल ते विचारलं. पाच अंशांच्या टेकडीला उत्तर मिळालं वीस अंशांच्या आसपास. दहा अंशांच्या टेकडीला तीस. चूक छोटी नाही, आणि ती एका दिशेलाच आहे: चढ कमी सांगणारं जवळजवळ कुणी नाही. मला त्या प्रयोगाचा दुसरा भाग अधिक विलक्षण वाटतो. विद्यार्थ्यांच्या कमरेजवळ एक कलती होणारी फळी होती. नजर टेकडीवर ठेवायची, हाताकडे पाहायचं नाही, आणि तळहाताने ती फळी टेकडीइतकी कलवायची. तळहात बराचसा बरोबर ठरला. तोंड वीस अंश म्हणत होतं, तेव्हा हात खऱ्या उत्तराच्या कितीतरी जवळ होता.

पुढे १९९९ मध्ये प्रॉफिट आणि मुकुल भल्ला यांनी आणखी पुढचा दावा केला. पाठीवर जड पिशवी असलेल्यांना, धावून दमलेल्यांना, व्यायामाची सवय नसलेल्यांना आणि वृद्धांना तीच टेकडी जास्त खडी दिसते, असा तो दावा होता. डोळा टेकडी मोजत नाही, टेकडी चढायला पडणारे कष्ट मोजतो, असा त्याचा अर्थ. २००८ मधल्या आणखी एका अभ्यासात सोबत मित्र असेल तर चढ कमी दिसतो असंही आढळलं. सायकलवाल्यांना हे सगळं ऐकताक्षणी पटतं, कारण शंभर किलोमीटरनंतरचा चढ आणि सकाळचा पहिला चढ यांतला फरक त्यांच्या अंगात मुरलेला असतो.

पटतं म्हणून ते सिद्ध होत नाही, आणि इथेच या गोष्टीला वळण मिळालं. स्वार्थमोर कॉलेजातले फ्रँक डर्गिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये पिशवीचा प्रयोग वेगळ्या पद्धतीने केला. काही जणांना त्यांनी सांगितलं की पिशवीत स्नायूंच्या हालचाली मोजणारं उपकरण आहे. पिशवीला असं साधं कारण मिळाल्यावर चढ वाढवून सांगण्याचा प्रकार नाहीसा झाला. म्हणजे आधीच्या प्रयोगांत पिशवी पाठीवर घेतलेल्या मुलांनी, परीक्षकाला काय हवं असेल याचा अंदाज बांधून उत्तर वाढवलं असण्याची दाट शक्यता आहे. तळहाताच्या अचूकतेबद्दलही डर्गिन यांनी शंका काढल्या. वाद अजून पुरता मिटलेला नाही. माझा कौल डर्गिन यांच्या बाजूला झुकतो: थकवा चढाबद्दलचं मत बदलतो, चढाचं दृश्य बदलतो असं म्हणायला पुरावा तोकडा पडतो.

मात्र चढ मुळातच मोठा दिसतो, याबद्दल दोन्ही पक्षांत मतभेद नाही. डर्गिन यांचं स्पष्टीकरण असं की आपली दृष्टी आडव्या पातळीजवळचे कोन ताणून दाखवते. माणूस चालू शकेल असे जवळजवळ सगळे चढ शून्य ते तीस अंशांत येतात. नव्वद अंशांच्या मापातला हा छोटासा तुकडा मोठा करून पाहिला, तर तीन अंश आणि चार अंश यांतला फरक ओळखता येतो. अंशांचा आकडा चुकतो, पण दोन चढांची तुलना बारकाईने जमते. रोजच्या व्यवहारात उपयोग तुलनेचाच असतो. त्यात आणखी एक भर पडते: चढ लांबून आणि समोरून पाहिला की रस्त्याची लांबी आक्रसते आणि तो भिंतीसारखा उभा दिसतो. पायथ्याशी पोचल्यावर तोच रस्ता बराच आडवा झालेला असतो. म्हणून लांबूनच चढ पाहून गिअर उतरवून टाकू नये, चाक चढाला लागू द्यावं.

ही झाली डोळ्यांची एक खोड. दुसरी अगदी उलटी आहे आणि सायकलवाल्याला तीच जास्त छळते. एक टक्का चढ, म्हणजे अर्ध्या अंशाहून जरासा जास्त, डोळ्यांना दिसतच नाही. पायांना मात्र तो पुरता कळतो. सपाटीवर ताशी वीसचा वेग देणारे ७० वॅट एक टक्का चढावर जेमतेम साडेचौदाचा वेग देतात. रस्ता सपाट दिसतोय, वारा नाही, तरी वेग पंचवीस टक्क्यांहून जास्त घटलेला. मग माणूस टायरमधली हवा तपासतो, ब्रेक चाकाला घासतोय का ते वाकून बघतो, रात्रीची झोप कमी पडली असं ठरवतो. मोठा चढ संपून रस्ता दोन टक्क्यांवर आला की फसगत आणखी वाढते, कारण डोळ्यांना आधीच्या तीव्र चढाची सवय झालेली असते आणि पुढचा हलका चढ चक्क उतार भासतो. लडाखात लेहजवळच्या 'मॅग्नेटिक हिल'वर गाडी बंद करून सोडली तर चढावर जाताना दिसते, त्यामागे चुंबक नाही. आसपासच्या डोंगरांनी क्षितिज झाकलेलं असल्यामुळे उतार चढासारखा दिसतो, इतकंच.

अशा ठिकाणी भरवसा नद्यांवर ठेवावा. उल्हास, काळू, भातसा या सगळ्या सह्याद्रीतून निघून कल्याणच्या बाजूला येतात. तेव्हा कोपरहून निघून मुरबाडमार्गे माळशेजकडे किंवा शहापूरमार्गे कसाऱ्याकडे जाणारा माणूस नदीच्या उलट दिशेने चाललेला असतो. रस्ता मध्येच खाली उतरला तरी एकूण जमाखर्च चढाचाच राहणार. सकाळी जाताना कुरकुरणारी सायकल संध्याकाळी येताना आपोआप पळते, याचं श्रेय बऱ्याच अंशी नदीच्या उताराला आहे.

न दिसणाऱ्या चढाची सर्वांत जास्त धास्ती रेल्वेला असते, आणि ती पाहायला कोपर स्थानकासारखी जागा नाही. इथे मुख्य मार्गाचे फलाट खाली आणि दिवा–वसई मार्गाचं अप्पर कोपर वर, अशी दोन मजली व्यवस्था आहे. वरच्या मार्गाला त्या उंचीवर आणण्यासाठी रूळ कितीतरी आधीपासून हळूहळू उचलत आणावे लागतात. रुळांच्या कडेला ठिकठिकाणी दोन हात पसरलेला एक छोटा खांब दिसतो. हात वर किंवा खाली कललेला असतो आणि त्यावर आकडा लिहिलेला असतो. पुढचा चढ-उतार किती मीटरांत एक मीटर आहे, ते त्यावरून चालकाला कळतं. पोलादी रुळावर पोलादी चाकाला विरोध इतका कमी होतो की स्थानकाच्या आवारात चढ चारशेला एकपेक्षा जास्त ठेवता येत नाही, नाही तर उभे डबे आपोआप घरंगळू शकतात. चारशेला एक म्हणजे पाव टक्का.

आता घाटाकडे या. कर्जत–खंडाळ्याचा बोर घाट रेल्वेने १८६३ मध्ये सर केला, कसारा–इगतपुरीचा थळ घाट १८६५ मध्ये. दोन्हीकडे सर्वांत तीव्र चढ सदतीसास एक, म्हणजे २.७ टक्के. तेवढ्यासाठी कर्जतला आणि कसाऱ्याला गाडीच्या मागे तिला ढकलणारी बँकर इंजिनं लागतात. हाच २.७ टक्के चढ सायकलवाला गप्पा मारत चढतो. चढ खडा की सोपा हे सांगायचं तर कोण चढतंय तेही सांगावं लागतं.

सायकलच्या बाबतीत 'कोण' या प्रश्नाचं निम्मं उत्तर गिअर देतो. दूधवाल्याची किंवा पेपरवाल्याची जुन्या घडणीची सायकल घ्या: पुढे ४४ दात्यांची चकती, मागे १८ दात्यांची, २८ इंची चाक. पायडलच्या एका फेरीत ही सायकल सुमारे ५.४ मीटर पुढे जाते. आठ टक्के चढावर त्या एका फेरीत माणसासकट तिला ४३ सेंटिमीटर वर उचलावं लागतं. हिशोब केला तर पायडलवर सरासरी चाळीसेक किलोंचा दाब लागतो. पण पाय वर-खाली असताना दाब लागतच नाही, म्हणून पायडल आडवं असताना तो साठ-पासष्ट किलोंपर्यंत न्यावा लागतो. म्हणजे जवळपास माणसाचं सगळं वजन. म्हणूनच असा सायकलवाला आधी सीटवरून उठून उभा राहतो, मग रस्त्यावर तिरका तिरका जायला लागतो आणि शेवटी उतरून सायकल ढकलतो. तिरकं जाण्यात शास्त्र आहे: रस्त्याला ४५ अंशांत तिरपं गेलं तर आठ टक्क्यांचा चढ साडेपाच-पावणेसहावर येतो. पण वाहत्या रस्त्यावर ते जिवावर बेतेल, त्यापेक्षा उतरून चालणं शहाणपणाचं.

पुढची आणि मागची चकती सारख्या दात्यांची असेल असा हलका गिअर टाकला, तर तोच चढ सारख्याच, म्हणजे ताशी दहाच्या वेगाने चढताना दाब सोळाएक किलोंवर येतो. पाय मात्र मिनिटाला ३१ ऐवजी ७६ वेळा फिरवावे लागतात. शक्ती जवळपास तेवढीच, चढ तोच, आणि तरी एकाला तो अशक्य वाटतो, दुसऱ्याला जमण्यासारखा.

शिवाय ऊन आहे. सपाटीवर ताशी वीसने जाणाऱ्या सायकलस्वाराला स्वतःच्या वेगाचाच वारा मिळतो आणि घाम वाळतो. घाटात वेग सात-आठवर येतो, वारा नाहीसा होतो, आणि सह्याद्रीच्या पायथ्याची दमट हवा घाम वाळू देत नाही. रक्त स्नायूंकडेही हवं असतं आणि अंग गार ठेवायला कातडीकडेही, म्हणून त्याच चढाला हृदयाचे ठोके वाढत जातात. एप्रिलमध्ये खोपोलीहून सकाळी सहाला निघालेला आणि दहाला निघालेला, या दोघांना एकच घाट दोन वेगवेगळे घाट वाटतात, आणि दोघंही खरं बोलत असतात.

वाटण्याचं मोजमाप करायचं तर स्वीडनच्या गुनार बोर्ग यांनी सहा ते वीस अशी एक मोजपट्टी दिली आहे. सहा म्हणजे काहीच श्रम नाहीत, वीस म्हणजे याहून जास्त शक्य नाही. स्वतःला विचारून आकडा सांगायचा. त्याला दहाने गुणलं की निरोगी तरुण माणसाच्या हृदयाच्या ठोक्यांचा ढोबळ अंदाज येतो, अशा बेताने ती आखली आहे. लांब घाटात पहिला अर्धा भाग तेराच्या आत ठेवावा, म्हणजे सोबत्याशी पुरं वाक्य बोलता यावं. रस्ता खरोखर किती चढतो हे पाहायला मोबाईलपेक्षा गवंड्याची एक मीटरची लेव्हल बरी. ती रस्त्यावर चढाच्या दिशेने ठेवायची, खालचं टोक बुडबुडा मध्ये येईपर्यंत उचलायचं आणि त्या टोकाखालची फट पट्टीने मोजायची. आठ सेंटिमीटर आली तर चढ आठ टक्के. उपग्रहावरून उंची काढताना मोबाईल काही मीटरांनी सहज चुकतो. लांब घाटात ती चूक विरून जाते, पण आठ मीटरच्या पुलावर त्याने दाखवलेला चढ बिनकामाचा.

खोपोलीहून खंडाळ्याला जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर हे सगळं एकत्र भेटतं. बोर घाटाचा गाडीरस्ता १८३० मध्ये सुरू झाला. द्रुतगती मार्गावर सायकलींना बंदी आहे, त्यामुळे मुंबईकडून पुण्याला जाणारा सायकलस्वार याच वाटेने शिंग्रोबाच्या देवळावरून चढतो. घाटाची वाट साहेबाला दाखवणारा धनगर म्हणून शिंग्रोबाची कथा सांगतात. इथे चहाच्या टपरीवर "काका, अजून किती चढ आहे?" असं विचारलं की "झालं की, दोन वळणं राहिली" हे उत्तर येतं. काका गाडीच्या हिशोबाने बोलत असतात. त्यांच्या दोन वळणांसाठी सायकलवाल्याने वीस मिनिटं धरावीत.

माथेरानचा चढ याहून कठीण. नेरळहून १९०७ मध्ये सुरू झालेली छोटी गाडी वीस-एकवीस किलोमीटर वळसे घेत वर जाते, कारण तिला वीसास एकपेक्षा जास्त चढ झेपत नाही. मोटारीचा रस्ता दस्तुरी नाक्यापर्यंत जवळपास तेवढीच उंची त्याच्या निम्म्याहून कमी अंतरात गाठतो. साहजिकच त्याचा सरासरी चढच आठ टक्क्यांच्या पलीकडे जातो, आणि तीव्र तुकडे त्याहून बरेच वर. हा रस्ता हलक्या गिअरशिवाय चढायला जाऊ नये.

अशा घाटात आखूड वळणांवर एक गोष्ट लक्षात ठेवली तर पुष्कळ दम वाचतो. वळणाची आतली कड आणि बाहेरची कड सारखीच उंची चढतात, पण आतलं अंतर कमी असतं. आतल्या कडेची त्रिज्या १४ मीटर आणि बाहेरची २५ धरली, तर अर्ध्या वर्तुळात आतून ४४ मीटर होतात, बाहेरून ७९. म्हणजे आतला चढ बाहेरच्यापेक्षा पावणेदोन पट. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो. त्यामुळे डावीकडे वळणाऱ्या प्रत्येक आखूड वळणावर सायकलवाला त्या खड्या आतल्या कडेला सापडतो आणि उजव्या वळणावर त्याला बाहेरची हलकी कड मिळते. डावं वळण दिसलं की वळणात शिरण्याआधी गिअर उतरवावा, चढात साखळीवर ताण असताना नाही. पाणी प्यायचं ते उजव्या वळणावर.